स्वस्तातलं विमान

“मॅडम, ही बॅग जास्त होतेय,” काउंटरवरची मुलगी म्हणाली. “पंधरा किलोच चालतं. वरच्या प्रत्येक किलोला वेगळे पैसे पडतील.”

“किती?” नलूकाकींनी मागून मान घालून विचारलं.

मुलीनं आकडा सांगितला. नलूकाकी ओरडल्याच, “अगं, तेवढ्यात तर अख्खी मी निघालेय!”

पुण्याच्या विमानतळावरची ती सगळी रांग वळून आमच्याकडं बघायला लागली. बघण्यासारख्याच होतो आम्ही. इस्लामपूरच्या भिशीतल्या बायका, सगळ्या पन्नाशी-साठीच्या, ठेवणीतल्या साड्या नेसून, पायांत मुलांचे पांढरे बूट घालून केरळ बघायला निघालेल्या. त्यांच्यात मी एकटी तरुण. लग्नाला दुसरं वर्ष चालू होतं, आणि तिकिटं मोबाईलवरून मी काढली म्हणून माझी वर्णी लागली होती. विमानात याआधी आमच्यातलं कुणीच बसलेलं नव्हतं.

जास्त भरलेली बॅग माझ्या सासूबाईंची होती. गिरिजाबाई शेटे. मी त्यांना आत्या म्हणायचे आणि सासऱ्यांना मामा; आमच्याकडं तशीच पद्धत. मामांचं भांड्यांचं दुकान, आणि घरात पानही त्यांना विचारून हलायचं. या सहलीला त्यांनी होकार दिला तो एकाच कारणासाठी. विमान कंपनीचा सेल लागला होता आणि तिकीट रेल्वेच्या एसी डब्यापेक्षा स्वस्त पडत होतं. स्वस्त म्हटलं की मामांना हुरूप यायचा. पुढचा आठवडाभर दुकानात येईल त्याला ते सांगत होते, “आमची मंडळी विमानानं चाललीय. एसीच्या भाड्यात!”

“माझ्या बॅगेत जागा आहे,” नलूकाकी म्हणाल्या. “काढ गं गिरिजा थोडं. माझ्याकडं दे.”

“नको,” आत्या पटकन म्हणाल्या. “मी भरते पैसे.”

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. कोथिंबिरीच्या जुडीसाठी अख्खी मंडई पालथी घालणारी बाई ‘मी भरते’ म्हणत होती. शिवाय बॅगेची चेन त्यांनी मुठीत घट्ट धरली होती.

“भरतेस कशाला? आम्ही काय मेलो काय?” म्हणत नलूकाकींनी तिथंच फरशीवर बसकण मारली, बॅग आडवी केली आणि चेन ओढली.

वर दोन साड्या होत्या. त्यांच्याखाली टॉवेलात गुंडाळलेलं पितळी घंगाळ. घंगाळाच्या आत लहान लहान टोपडी, झबली, मऊ जुन्या सुताची दुपटी. त्याखाली पिशव्याच पिशव्या: डिंक, अळीव, खारकेची पूड, सुंठ, बाळंतशेप, वेखंड.

सगळ्या माना एकदम माझ्याकडं वळल्या.

“अगं बाई!” नलूकाकींनी दोन्ही हात गालांवर ठेवले. “कितवा गं? आणि आम्हाला पत्ता नाही!”

“अहो काकी, माझं काही—”

“लाजतेय बघा कशी!”

मी लाजत नव्हते. मला काहीच नव्हतं. मी आत्यांकडं बघितलं, त्या आता सांगतील म्हणून. त्या खाली बघून दुपट्याची घडी नीट करत होत्या.

“चला, चला, मागं माणसं खोळंबलीत,” नसीमभाभी मध्येच म्हणाल्या. या आमच्या घराशेजारच्या. आत्यांची आणि त्यांची पंचवीस वर्षांची सोबत. त्यांनी घंगाळ उचललं आणि सरळ स्वतःच्या बॅगेत घातलं. डिंक नलूकाकींकडं गेला, अळीव आणखी कुणाकडं, सुंठ माझ्याकडं. काट्यावर आकडा बरोबर बसला. काउंटरवरच्या मुलीनं बॅगेला चिठ्ठी लावली आणि जाताजाता माझ्याकडं बघून गोड हसली. तिलाही कळलं होतं म्हणायचं!

आत जाऊन बसलो तर आमचं विमान उशिरा येणार असल्याचं समजलं. स्वस्तातली विमानं दिवसभर या गावाहून त्या गावाला फेऱ्या मारत असतात. सकाळी कुठंतरी एक फेरी लांबली की संध्याकाळपर्यंतच्या सगळ्या लांबतात, असं शेजारच्या एका माणसानं सांगितलं. बायकांना त्याचं काहीच वाटलं नाही. विकतचा चहा कितीला आहे हे बघून आल्यावर त्यांनी धपाट्यांचे डबे उघडले. नलूकाकींनी माझ्या हातात दुप्पट धपाटी ठेवली.

“खा. दोन जिवांची आहेस.”

मी उठले आणि आत्यांना हात धरून काचेपाशी घेऊन गेले. बाहेर उन्हात विमानं उभी होती.

“आत्या, हे काय चाललंय? मला काही नाही हे तुम्हाला माहितीय. मग गप्प का बसला तुम्ही?”

“विमान सुटू दे. मग सांगते.”

“आत्ता का नाही?”

“आत्ता अजून जमिनीवर आहोत आपण,” त्या म्हणाल्या.

मला राग आला होता, पण त्यांच्या चेहऱ्याकडं बघून पुढं बोलता येईना. नेहमी थकलेला असणारा तो चेहरा तापल्यासारखा लाल झाला होता. डोळे सारखे बाहेर. इतक्यात पुन्हा घोषणा झाली, आणखी उशीर. आत्या दचकल्या.

“रद्द तर नाही ना करणार?”

“नाही हो.”

“पण केलं तर?”

मी काही बोलायच्या आत त्या तरातरा चालत फाटकाजवळच्या टेबलापाशी गेल्या. दुकानातल्या गिऱ्हाइकासमोरसुद्धा पदर सावरून उभी राहणारी ही बाई, तिथल्या सूटबूटवाल्या पोराला म्हणाली, “बाळा, खरं सांग. जाणार ना रे नक्की?”

“जाणार, आजी. ते बघा, आलंच.”

खरंच विमान येऊन थांबत होतं. आत्यांनी मागं वळून आम्हाला अशी जोरात हाक मारली की अर्धा हॉल उभा राहिला. “ए, चला गं! आलं!”

विमान लांब उभं होतं. बसमध्ये दाटीवाटीनं उभं राहून तिथवर गेलो, आणि बस थांबली तशी आत्या सगळ्यांच्या आधी उतरून जिना चढायला लागल्या. घरी माडीवर जाताना गुडघे धरून मध्ये थांबणारी बाई! वर दारात पोचल्यावर त्यांनी एकदा मागं पाहिलं. आम्हाला शोधत असतील असं मला वाटलं. पण त्या आमच्या डोक्यांवरून पलीकडं, विमानतळाच्या इमारतीकडं बघत होत्या.

जागा निवडायला वेगळे पैसे पडतात म्हणून मी त्या निवडल्या नव्हत्या. त्यामुळं कंपनीनं आम्हाला सगळ्या विमानभर पसरून टाकलं होतं. नलूकाकी एकीकडं, नसीमभाभी दुसऱ्या टोकाला, मी पार शेवटी. एकमेकींना हाका मारून पुढून मागं धपाटी पोचवणं सुरू झालं, तेव्हा हवाईसुंदरीनं हात जोडले. आत्यांना मात्र खिडकी मिळाली होती. त्यांच्या शेजारी कानात वायरी घातलेला एक मुलगा बसला होता. मी त्याला म्हटलं, “दादा, सासूबाईंना भीती वाटते. माझ्या जागेवर बसाल का?” तो बिचारा उठला.

“मला कुठं भीती वाटतेय?” आत्या म्हणाल्या.

“माहितीय. पण आता तुम्ही मला सांगितल्याशिवाय सुटका नाही.”

विमान हळूहळू चालत राहिलं, वळलं, थांबलं. मग एकदम घरघर वाढली आणि पाठ सीटला चिकटली. आत्यांनी माझा हात पकडला. बांगड्या माझ्या मनगटात रुतत होत्या. पुढं कुठंतरी नलूकाकींनी देवाचा धावा सुरू केला. खडखडाट वाढला, वाढला आणि अचानक थांबला. खिडकीतली जमीन तिरकी झाली.

आणि आत्या हसल्या. तोंडावर पदर न घेता, मोठ्यानं, एखाद्या शाळकरी पोरीसारख्या. दोन वर्षांत मी त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं.

“उठलं! प्रणाली, उठलं गं! आता नाही ना थांबवता येत?”

“कुणाला?”

“कुणालाच. म्हणजे, कुणी फोन केला खालून, तरी?”

“नाही थांबवता येत, आत्या. आता थेट कोचीला.”

त्यांनी डोळे मिटून घेतले. खिडकीतून ऊन त्यांच्या गालावर पडलं होतं. मग त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “ते सगळं सुवर्णाचं आहे.”

हे नाव त्या घरात मी कुणाच्याही तोंडून ऐकलं नव्हतं. लग्न ठरताना माझ्या वडिलांना सांगितलं गेलं होतं, “एक मुलगी होती, ती आता नाही.” बरेच महिने मी माझी नणंद वारली असंच धरून चालले होते. नंतर एकदा माझ्या नवऱ्यानं, संकेतनं, हळूच सांगितलं. सुवर्णा मिरजेला नर्सिंग शिकत होती, तिथल्याच एका मल्याळी मुलाशी तिनं लग्न केलं, आणि त्या दिवशी मामा घरी येऊन तिच्या नावानं आंघोळ करून मोकळे झाले.

“लग्नाला आठ वर्षं झाल्यावर पुन्हा दिवस राहिलेत तिला,” आत्या म्हणाल्या. “आधीचे दोन गेले. आता सातवा लागलाय, आणि डॉक्टरनं झोपून राहायला सांगितलंय. नवरा ड्युटीवर जातो, सासू नाही. एकटी पडून असते पोर. नसीमच्या फोनवर बोलतो आम्ही. काल म्हणाली, आई, छताच्या फळ्या मोजून झाल्या माझ्या.”

“म्हणजे तुम्ही मुन्नारला येणार नाही?”

“मुन्नार काय करायचंय मला?”

“आणि परतीचं तिकीट? मी दोन्ही बाजूंचं काढलंय.”

“ते जाऊ दे फुकट. नसतं काढलं तर ह्यांनी एकेरी का म्हणून विचारलं असतं.”

चार दिवसांनी घरी मी परत जाणार होते, तिकिटं मी काढली होती, आणि दारात मामा उभे असणार होते. आत्यांनी ते ओळखलं असावं.

“तू सांग, मला काही ठाऊक नव्हतं. खरंच आहे ते. म्हणून तर आधी सांगितलं नाही तुला.”

“पण आत्या, एवढं लपवून? रेल्वेनं, बसनं कशानंही कधी जाता आलं असतं की.”

त्यांनी खिडकीकडं तोंड फिरवलं. खाली ढग होते, आणि त्यांच्यावरून आमच्या विमानाची बारकी सावली पळत होती.

“गेले होते,” त्या म्हणाल्या. “लग्नानंतर ती वर्षभर मिरजेतच होती. एकदा हे बाजाराला गेलेले बघून मी सांगलीची एसटी धरली. दोन लाडूंचे डबे घेतले होते. गाडी आष्ट्याला थांबली तर हे मोटरसायकल आडवी लावून उभे. वर चढले. भरलेल्या गाडीत, सगळ्यांदेखत म्हणाले, ऊठ. कंडक्टर बघतोय, माणसं बघतायत. मी उठले. डबे सीटखालीच राहिले. घरापर्यंत मोटरसायकलवर मागं बसून आले आणि आल्या आल्या स्वयंपाकाला लागले.”

हवाईसुंदरी पाण्याच्या, सँडविचच्या किमती सांगत निघून गेली.

“तेव्हापासून मला वाटायचं,” आत्या म्हणाल्या, “असं काहीतरी पाहिजे, की एकदा बसलं की मध्ये आष्टं लागणार नाही. मग तू त्या दिवशी जेवताना तिकिटाचा भाव सांगितलास. आणि हेच म्हणाले, जा की!”

त्या पुन्हा हसायला लागल्या. मला हसू येत होतं आणि रडूही. पुढच्या सीटवरच्या माणसानं त्रासून मागं पाहिलं. त्या सीटा इतक्या जवळ होत्या की आम्ही हसलो की त्याची पाठ हलत होती.

कोचीला चाकं टेकली तेव्हा आमच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी मोबाईल सुरू केला आणि तो लगेच वाजला. मामा.

“पोचला काय? मघाशी पोचायला पाहिजे होतं तुम्ही.”

“उशीर झाला मामा. आत्ताच उतरतोय.”

“तिला दे.”

मी फोन हातात धरून आत्यांकडं बघितलं. मनात म्हणत होते, आता ‘हो, पोचलो’ एवढंच सांगा. बाकीचं चार दिवसांनी बघू. आत्यांनी फोन घेतला.

“पोचलो,” त्या म्हणाल्या. “ऐका. मी सहलीला आले नाही. सुवर्णाकडं चाललेय. तिला सातवा आहे.”

मामांचा आवाज एरवीही मोठाच. तो मला स्पष्ट ऐकू येत होता.

“लगेच माघारी फिर. मिळेल त्या विमानानं.”

“मिळेल त्या विमानाचं तिकीट आपल्याला परवडत नाही,” आत्या शांतपणे म्हणाल्या. “मी विचारलंय. ऐनवेळचं लई महाग पडतं. चार-पाच महिने आधी काढलं तर स्वस्त. तोवर बाळ मानही धरेल. प्रणालीला सांगते काढायला.”

“गिरिजा!”

“औषधाची डबी फ्रीजवर आहे. रात्रीची पांढरी गोळी,” म्हणून त्यांनी फोन माझ्या हातात दिला. बंद कसा करायचा ते त्यांना माहीत नव्हतं. मी तो केला.

सामानाच्या पट्ट्यापाशी आमच्या बायकांनी पुन्हा फरशीवर बसून बॅगा उघडल्या. आता सगळ्यांना कळलं होतं. नसीमभाभींनी सांगून टाकलं होतं. कुणी काही विचारलं नाही. डिंक आला, अळीव आला, घंगाळ आलं. नलूकाकींनी आपल्या नातीसाठी घेऊन ठेवलेलं लोकरीचं कुंचडं काढून वर ठेवलं आणि मला म्हणाल्या, “तुझी धपाटी मात्र फुकट गेली बघ.”

जावई दाराशी उभा होता. बिजू त्याचं नाव. उंच, सावळा, घाबरलेला. त्यानं आत्यांना वाकून नमस्कार केला आणि मिरजेत शिकलेल्या मराठीत म्हणाला, “आई, ती ऐकली नाही. गाडीत बसून आलीय.”

आत्या ट्रॉली तिथंच सोडून पळाल्या. मी मागोमाग गेले. गाडीच्या मागच्या सीटवर उशांना टेकून, पाय वर घेऊन सुवर्णावन्सं बसल्या होत्या. थेट संकेतचं नाक, संकेतची कपाळावरची आठी. आत्यांनी दार उघडलं.

“तुला उठायला कुणी सांगितलं होतं गं?” त्या केवढ्यानं तरी ओरडल्या. “अक्कल आहे का काही? झोपून राहा म्हटलंय ना डॉक्टरनं?”

“आई,” वन्सं म्हणाल्या, “आल्या आल्या रागवू नको की.”

मग आत्या आत शिरल्या आणि दार लागलं. काचेतून मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. बिजू सामान भरत होता, आणि मध्येच थांबून बाहीनं डोळे पुसत होता.

चार दिवसांनी मी परतले. मी काहीच माहीत नसल्याचं सांगितलं नाही. म्हटलं, “विमानात कळलं, आणि मला ते बरोबर वाटलं.” मामा माझ्याशी बोलायचे बंद झाले. ताटावर बसत, जेवून उठत. संकेतनं मात्र त्या आठवड्यात बहिणीला पहिला फोन केला, दार न लावता. मुलगी झाल्याचं त्यानं मामांना सांगितलं तेव्हा ते वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण पानही उलटलं नाही.

आत्या परत यायच्या दिवशी सकाळी संकेत गाडी काढायला गेला तर मामा आधीच स्टिअरिंगसमोर बसलेले. “मी चालवतो,” एवढंच म्हणाले. संकेत आणि मी मागं बसलो. विमानतळाबाहेर ते काय बोलतील, लोकांसमोर काय करतील, याचे सगळे प्रकार मी मनात करून बघितले होते.

आत्या एकट्याच आल्या, ट्रॉली ढकलत, भराभर. मामांना बघून त्या थबकल्या. मामांनी ट्रॉली त्यांच्या हातातून घेतली.

“वाळलीस,” ते म्हणाले.

“जागरणं झाली,” आत्या म्हणाल्या. “चला.”

त्या पुढं बसल्या. गाडी साताऱ्यापर्यंत आली. मग आत्या, कुणी विचारलेलं नसताना, समोरच्या रस्त्याकडं बघत बोलायला लागल्या. पोरगी कशी झाली, किती वजनाची झाली. डोक्यावर जावळ किती. रंग बापाचा आहे, पण हट्ट कुणाचा आहे ते सांगायला नको. दूध पिताना एक मूठ वर धरते. रात्री जागते आणि दिवसा ढाराढूर झोपते. बाप मल्याळीत गातो, तिला मराठी अंगाईच लागते. परवा पहिल्यांदा आवाज करून हसली, तेव्हा सुवर्णा रडायला लागली आणि तिला रडताना बघून ही पुन्हा हसली.

मामांनी रेडिओ बंद केला. काच वर केली, वाऱ्याचा आवाज नको म्हणून. कऱ्हाड गेलं, नेर्ले गेलं. पेठ नाका आला, जिथून इस्लामपूरला डावीकडं वळायचं. चाळीस वर्षं ते तिथून वळत आले होते.

गाडी सरळ पुढं गेली.

संकेतनं माझ्याकडं बघितलं. मी ओठांवर बोट ठेवलं.

“आणि नाव काय ठेवलं?” मामांनी विचारलं.

आत्या नाव सांगत होत्या, ते कुणी सुचवलं ते सांगत होत्या, आणि आम्ही कामेरीच्या पुढं भर वेगानं कोल्हापूरच्या दिशेनं चाललो होतो.